कोरड्या गावचा नाखवा

कडावात शेतपंप दुरुस्त करणाऱ्या युनूसचं आडनाव नाखवा आहे. नाखवा म्हणजे होडीचा धनी, भरती-ओहोटी पाठ असलेला माणूस. युनूसला पाठ आहेत ते वीज जाण्याचे तास. कडावपासून समुद्र इतका लांब की त्याचा वारा इथवर पोचेपर्यंत आपण कुठून निघालो होतो ते विसरलेला असतो. युनूसला पोहता येत नाही. एकदा तो भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला निघाला, तर लाँच सुटायच्या आधीच त्याला ओकारी आली. येताना तो पेणवरून एसटीने आला आणि पुढे आठ दिवस एसटीचं कौतुक करत राहिला.

पावसाळ्यात दुकानासमोर गुडघाभर पाणी साचलं की पलीकडचा हिरामण मंडपवाला ओरडतो, "नाखवा, शीड काढा!"

"तुझा मांडव फाडून दे, काढतो," असं युनूस मान वर न करता म्हणतो.

त्याची मान सहसा खालीच असते. पंप आला की तो आधी त्यावर तळहात ठेवतो, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. शेतकऱ्याला वाटतं, आता हा काहीतरी मोठं सांगणार. युनूस मोठं असं एकच सांगतो, आणि गेली तीस वर्षं सगळ्यांना तेच सांगतो, "सायलेन्सर पाण्याच्या वर ठेव. इंजिन म्हंजे माणूस हाय. नाक बुडालं की संपला." हे ऐकून ऐकून कडावातली लहान पोरंसुद्धा विहिरीत उतरताना नाक धरून "सायलेन्सर वर!" असं ओरडतात.

वडिलांकडून युनूसला दोन गोष्टी मिळाल्या. एक आडनाव आणि दुसरं मशीन. वडील मुरुडकडच्या खाडीतल्या एका गावचे. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं एका सिलिंडरचं विलायती मशीन त्या खाडीत पहिल्यांदा त्यांनी आणलं. पुढे होडी गेली, खाडी गाळाने भरली. ते बायकोच्या माहेरी कडावला आले, पंपाचं दुकान टाकलं, आणि होडीतून फक्त हे मशीन उचलून आणलं. गोणपाटात गुंडाळलेलं ते स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपामागे चाळीस वर्षं उभं होतं. वर पितळी टाकी, मध्ये लांब नळीसारखा पाय आणि खाली तीन पात्यांचा पंखा. अंधारात कुणीतरी एका पायावर उभं राहून भिंतीकडे बघतंय असं वाटायचं. युनूसची बायको मासूमा हिच्या उजव्या पायाच्या करंगळीचं नख त्या मशीनने चार वेळा घेतलं होतं.

माघात युनूसची फुफू, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण खैरून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली आणि महिनाभर राहिली. वय शहात्तर. डोळ्यांवर काळा चष्मा. डोळ्यांना रजा मिळाली तशी तिने कानांना कामाला लावलं. खाटेवर बसून ती सांगायची, "मासूमा, दूध वर आलं गं," आणि दूध वर आलेलं असायचं. "युनूस, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक कंटाळलंय," आणि गिऱ्हाईक खरंच जांभई देत असायचं.

त्याच दिवसांत मासूमाने स्वयंपाकघर धुवायला काढलं आणि मशीन बाहेर ओट्यावर आणून ठेवलं. नेमका तेव्हाच एका फार्महाऊसचा मालक पंपासाठी आला. या शेटने आपल्या दिवाणखान्यात बैलगाडीचं चाक, नांगर, पाणी तापवायचा बंब आणि एक पाळणा लावलेला आहे. अर्धा तालुका त्याच्या भिंतीवर टांगलेला आहे म्हणा ना. मशीन बघून तो उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे मला द्या. मधल्या भिंतीवर लावतो. खालून दिवा सोडतो."

"न्या की," मासूमा म्हणाली. "आजच न्या."

"रंगकाम चाललंय. तीन आठवड्यांनी रविवारी टेंपो पाठवतो."

तोवर युनूसला कंठ फुटला. "ते भिंतीवर लावायचं नाय. चालू मशीन हाय ते."

हे खोटं होतं, आणि ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.  मग आतून, खाटेवरून, फुफूचा आवाज आला, "चालू हाय? मग ऐकव की रं."

तिने तिथेच निवाडा दिला. त्या घरात तिच्याहून मोठं कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे वर दाद मागायची सोयही नव्हती.

"शेट, तुमचा टेंपो येऊ द्या. तोवर हा त्याला बोलतं करील तर मशीन घरात र्‍हाईल. नाय बोललं तर घेऊन जा. माणूस मेला तर आपण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाय, हे चाळीस वर्षं ठेवलंय." मग ती थांबली. "आणि युनूस, नुसता आवाज नको मला. माझ्या भावाच्या मशीनचा आवाज पायजे. खाडीच्या वळणावर तो आवाज आला की मी चुलीवर तांदूळ चढवायची. सोळा वर्षं चढवले. मला फसवू नको."

युनूस कामाला लागला. पिस्टन गंजून सिलिंडरला असा चिकटला होता की दोघांचं लग्न लागल्यासारखं वाटत होतं. त्याने त्यात डिझेल आणि रॉकेल ओतून पाच दिवस तसंच ठेवलं, रोज सकाळी तळहात ठेवला आणि सहाव्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच तीन ठोके दिले. पिस्टन सुटला. तेव्हा युनूसने जो सुस्कारा टाकला, तो फुफूने आत ऐकला. भंगारातल्या स्कूटरच्या पिस्टनवरच्या रिंगा घासून त्याने याला बसवल्या. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिशपेपरने उजळले. खालून पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा रबरी पंखा कुजून भुगा झाला होता. तो त्याने ट्रकच्या जाड रबरातून नवा कापला, आणि हा भाग मात्र त्याला फार आवडला. "बघ, यात पण पंपच हाय," तो हिरामणला म्हणाला. "मी उगाच घाबरत होतो."

"मोबाइलवर व्हिडिओ बघ ना एखादा," हिरामण म्हणाला. "गोरे लोक सगळं उघडून दाखवतात."

"मशीन समोर बसलंय. त्याचा फोटो काय बघायचा?"

असा व्हिडिओ त्याने बघितला असता तर बरं झालं असतं. कारण पाय उघडल्यावर त्याला एक गोष्ट दिसली आणि तिचा त्याने आपल्या पद्धतीने अर्थ लावला. धूर बाहेर जायची वाट पायातून थेट खाली, पंख्याजवळच्या एका भोकापर्यंत जात होती. म्हणजे मशीन पाण्यात असताना धूर पाण्याखाली. युनूसला हे बघवेना. त्याला वाटलं, खरा सायलेन्सर कधीतरी गंजून पडला असेल, आणि बापाने घाईत हा जुगाड केला असेल. त्याने ते भोक पत्रा लावून बंद केलं आणि वर, सिलिंडरच्या बाजूला, शेतपंपाचा एक छान काळा सायलेन्सर बसवला. तोंड आकाशाकडे. मग दोन पावलं मागे सरून त्याने बापाची चूक सुधारल्याच्या समाधानात मशीन बघितलं.

चाचणीसाठी पाण्याचं भांडं हवं होतं. मोहोपाड्याला कारखान्यांकडचे रिकामे निळे ड्रम रस्त्यालगत विकायला असतात. तिथून त्याने एक आणला, दोनदा धुतला आणि पाण्याने भरून त्यात मशीनचा पाय बुडवला. मग दोरी ओढली. नवव्या ओढीला मशीन पेटलं. सगळी गल्ली टाळ्या वाजवणार, एवढ्यात ड्रममधून फेस वर आला. त्या ड्रममध्ये पूर्वी साबणाचं काहीतरी असणार. पंखा फिरत होता, फेस वाढत होता. तो ड्रमवरून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत उतरला, हिरामणच्या दुकानातल्या खुर्च्यांखाली शिरला. युनूस कमरेपर्यंत पांढरा झाला.

"समुद्र आला रं," हिरामण म्हणाला. "नाखव्याने बोलावला आणि आला."

युनूसचं लक्ष फुफूकडे होतं. ती दारात खुर्ची घेऊन बसली होती. मशीन बंद झालं तरी ती बराच वेळ मान वाकडी करून होती.

"हा पंप हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे आठ दिवस युनूसने मशीन आणखी सुधारलं. कार्बोरेटर पुन्हा उघडला, सायलेन्सरच्या पोटात जाळी भरली. त्याला वाटलं, आवाज खडबडीत आहे म्हणून फुफूला पटत नाही. शुक्रवारी नमाजानंतर त्याने पुन्हा सुरू केलं. यावेळी मशीन इतकं गुळगुळीत चाललं की ओट्यावरचं मांजर झोपेतून उठलं नाही.

"आता शिलाई मशीन झालं," फुफू म्हणाली. "त्यापेक्षा पंप बरा होता."

युनूस पहिल्यांदाच चिडला. "मग कसा आवाज होता तो? सांग तरी. घशातून काढून दाखव."

फुफूने खरंच घशातून काढून दाखवायचा प्रयत्न केला. मासूमा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. फुफू मात्र गंभीर होती. "असा जाड यायचा. पाण्यात बोलल्यासारखा. मी मागे बसायची, हात पाण्यात सोडायची. बुडबुडे यायचे नि पाणी कोमट लागायचं. थंडीत बरं वाटायचं."

"कोमट कशानं?"

"धुरानं. कशानं म्हंजे? धूर पाण्यातच जायचा की त्याचा."

 युनूसने नकारार्थी मान हलवली. "फुफू, असं नसतं. नाक बुडालं की…"

"माणसाचं," फुफू म्हणाली. "माशाचं नाक कुठं असतं?"

तो संध्याकाळपर्यंत दुकानात बसून राहिला. एक शेतकरी पंप घेऊन आला. युनूसने त्याला नेहमीचं वाक्य सांगायला तोंड उघडलं आणि ते अर्ध्यात सोडून दिलं. शेतकऱ्याने बाहेर येऊन हिरामणला विचारलं, "युनूसभायला बरं नाय का?" तीस वर्षं ज्या खुंटीवर माणूस आपली टोपी अडकवतो, ती खुंटी कुणी काढून नेली तर पहिल्यांदा हातच हवेत राहतो.

शनिवारी दुपारी त्याने वरचा सायलेन्सर काढला. तिथे पत्रा ठोकला आणि खालचा पत्रा उचकटून टाकला. बापाची वाट जशी होती तशी मोकळी केली. ड्रम भरायला घेतला तर फुफू म्हणाली, "डबक्यात नाय ऐकायची मी आता. वाहत्या पाण्यात घाल."

आणि टेंपो रविवारी सकाळी येणार होता.

कडावात होडी कुठून येणार? हिरामणने मोहोपाड्याचे आणखी चार ड्रम आणले, झाकणं घट्ट केली आणि मांडवाचे बांबू वर आडवे-उभे बांधून तराफा केला. आयुष्यभर त्याने मांडवच बांधलेले, त्यामुळे हाताच्या सवयीने त्याने चारी बाजूंना लाल झालरही लावली. मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची बांधली. मागे एक फळी बांधून युनूसने तिला मशीन आवळलं.

उन्हाळी भातासाठी पाटाला पाणी सोडलेलं होतं. रविवारी सकाळी आठला तराफा पाटात उतरला. पाणी कमरेएवढं, पण युनूस त्याकडे असा बघत होता जणू त्याला तळच नाही. फुफू आणि मासूमा बांधावर उभ्या. हिरामणने तराफ्याचा दोर धरला. युनूसने तराफ्यावर चढून, बिस्मिल्ला म्हणून मशीनची दोरी ओढली.

शेतपंप सुरू केला की तो जागेवर राहतो. युनूसने हजारो इंजिनं सुरू केली होती, आणि त्यातलं एकही आजवर त्याला घेऊन निघालं नव्हतं. हे जुनं मशीन म्हणजे पेटलं की पंखा फिरलाच. मध्ये थांबायची जागा त्यात नाही आणि मागे जायची तर नाहीच. सातव्या ओढीला ते पेटलं, आणि हिरामणच्या हातातला दोर, युनूसची टोपी आणि बांधावरच्या लोकांचं बोलणं, सगळं मागे राहिलं.

पाट खाली वाहत होता, मशीनही खालीच ढकलत होतं. "बाजू! बाजू!" युनूस ओरडत होता. धुणं धुणाऱ्या बायका कपडे उचलून बांधावर चढल्या. एक म्हैस मात्र जागची हलली नाही. तराफाच तिला वळसा घालून गेला, त्यात युनूसचं कौशल्य काही नव्हतं. रस्त्याच्या पुलाला उभ्या माणसाचं डोकं लागतं, पण त्याचं वाचलं, कारण भीतीने ते आधीच गुडघ्यांत गेलं होतं. पेट्रोलची तोटी हातभर अंतरावर होती. पण ती बंद करायची तर बांबूवरचा एक हात सोडावा लागला असता.

पुढे पाटाचा दरवाजा आहे, तिथल्या गाळात तराफा घुसला आणि मशीन बंद पडलं. दरवाजावर रोहिदास पाटकरी उभा होता. पाटाच्या पाण्यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. चोरून पंप टाकणारे शेतकरी हे त्याचं दुःख.

"युनूसभाय," तो म्हणाला, "तू पण? पाटात इंजिन टाकलंस?"

"पंप नाय हा. होडी हाय."

"मी बघितला ना येताना. खालून पाणी खेचत होता, बाजूनं फेकत होता. त्याला काय म्हणतात?"

"ते त्याला थंड र्‍हायला लागतं."

"सगळेच असं म्हणतात. इंजिन जप्त होणार."

युनूस तराफ्यावरून घसरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला होता, आणि आपण बुडत नाही याचं त्याला अजून नवल वाटत होतं. तेवढ्यात मासूमाच्या खांद्यावर हात ठेवून, काळा चष्मा सावरत फुफू बांधावरून आली. दमली होती.

"ऐकलंस?" युनूसने विचारलं. 

"काय ऐकणार? तुझं ओरडणं ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं."

"फुफू, हा जप्त करतोय."

"करू दे. पाटकरीदादा, जप्त कर बाबा. पण मी चालत परत नाय जायची आता. गुडघे गेले माझे. मला गावापर्यंत सोडू दे, मग घेऊन जा तुझं इंजिन." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हात पुढे केला. रोहिदासनेच तो धरला, सरकारी माणूस असूनही, आणि तिला लाल झालरीच्या तराफ्यावर खुर्चीत बसवलं. युनूसची टोपी पाण्यातून काढायला थांबलेला हिरामण आता धावत आला, त्याने आणि युनूसने तराफा उलटा फिरवला.

युनूस मागे चढला, आणि या वेळी मशीन दुसऱ्याच ओढीला बोललं. धूर पाण्याखाली गेला, मागे बुडबुडे उठले. आवाज जाड होता, बुडालेला, पोटातून येणारा. कडावात असा आवाज कधी कुणी ऐकलेला नव्हता. युनूस फुफूच्या पाठीकडे बघत राहिला. तिने चष्मा काढला, डॉक्टरने काढू नको म्हटलेला. मागे वळली नाही.  फक्त थोड्या वेळाने, स्वतःशीच म्हणाली, "तांदूळ."

आता पाटाच्या उलट जायचं होतं. मशीन जीव तोडून ढकलत होतं आणि तराफा तसूतसूने सरकत होता. बांधावरून चालणारी मासूमा पुढे गेली. रोहिदास सायकल हातात धरून बाजूने चालत होता आणि ती मधूनमधून थांबवत होता, नाहीतर तोही पुढे गेला असता. मघाची म्हैस अजून तिथेच होती. यावेळी तिने त्यांना नीट बघून घेतलं.

पुलावर टेंपो उभा होता. ड्रायव्हरने कठड्यावरून वाकून विचारलं, "नाखवांचं घर कुठं? एक जुनं मशीन न्यायचंय, शेटचं."

"हेच ते," युनूस म्हणाला. पुढचं त्याला बोलता येईना. तो फुफूकडे बघू लागला.

"रिकामा जा रे बाबा," फुफू वर तोंड करून म्हणाली. "शेटला सांग, मशीन कामावर गेलंय."

"हे जप्तीतलं हाय," रोहिदास म्हणाला. मग तो ड्रायव्हरकडे आणि तराफ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "म्हंजे तसं होडी हाय. होडीला कायदा नाय आमच्याकडे." आणि तो सायकलवर बसून दरवाजाकडे परत गेला.

तराफा पुलाखाली शिरला. वर सिमेंट, खाली पाणी, आणि मध्ये तो आवाज दुप्पट झाला.

"थांब," फुफू म्हणाली. "हितं थांब जरा."

"याला थांबायचं म्हाईत नाय फुफू."

पण मघापासून युनूसचा हात मशीनवरच होता, तळहात टेकलेला. त्याने पेट्रोल कमी-जास्त करायचा छोटा दांडा थोडा मागे घेतला, मग किंचित आणखी. तराफा मागे रेलायला लागला तसा जरासा पुढे केला. पाणी जेवढं मागे ओढत होतं, तेवढंच मशीन पुढे ढकलू लागलं, आणि तराफा पुलाच्या सावलीत जागच्या जागी उभा राहिला.

मासूमा पुलाच्या पलीकडे जाऊन थांबली होती. आवाज येत होता, पण कुणी बाहेर येईना. ती वाकून ओरडली, "आवो! बुडालात काय?"

आतून उत्तर आलं नाही. मशीन चालूच होतं. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग चपला काढून ती बांधावर बसली.